सुलतानचा श्रावण

सुलतान माझा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे अख्ख्या बिल्डिंगने तो माझ्याच नावावर लावला.

आणला सुदेशने. माझा नवरा. घरूनच काम करतो, कंपनीचा लॅपटॉप मांडीवर आणि स्वतःचा मोबाईल हातात, दोन्हीकडे सारखंच लक्ष, म्हणजे कुठेच नाही. ठाण्यात एक जण घरातच बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं काढतो. त्याच्याकडून हा काचेच्या पेटीसकट विठ्ठलवाडीला घेऊन आला. दाढीवाला सरडा, मूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला. वीतभर लांब, त्यात निम्मी शेपूट. गळ्याखाली बारीक काटे. घाबरला किंवा दुखलंखुपलं की गळा काळा करतो.

"नाव सुलतान," सुदेश बोलला.

"कसला सुलतान, सरडा मेला," सासूबाई बोलल्या.

पहिला आठवडा सुलतानला उसंत नव्हती. सुदेशच्या खांद्यावर सुलतान, डोक्यावर सुलतान, मित्र आले की त्यांच्या हातावर सुलतान. मग सुदेशला कळलं की सुलतान खातो. आणि हगतो. आणि दोन्ही रोज. त्या दिवसापासून पेटी माझी झाली.

मला असल्या जातीची किळस होती. पण भुकेला जीव काचेपलीकडून एकटक बघत बसला की किळस फार टिकत नाही. शिकले. फोनवर वाचत, चुकत, परत वाचत शिकले. मोठा झाला की याचं पाल्यावर भागतं, पण वाढीच्या वयात किडेच लागतात, तेही जिवंत. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर आतडं तुंबतं. रातकिडे डबीत घ्यायचे, वर कॅल्शियमची पावडर टाकायची, झाकण लावून हलवायचं, चण्याला मसाला लावतात तसं. किडे पांढरे होऊन बाहेर येतात. शेवग्याचा पाला चालतो, भोपळा किसून चालतो, पालक रोज नको. पेटीच्या एका टोकाला तापणारा दिवा, दुसऱ्या टोकाला सावली. वर एक वेगळी ट्यूब, ती उन्हाचं काम करते, ती नसली तर हाडं रबरासारखी वाकतात. आणि ऊब नसेल तर सगळंच फुकट, कारण खाल्लेलं पचत नाही आणि मग खावंसंही वाटत नाही.

रातकिड्यांचा डबा डोंबिवलीहून यायचा. त्यांना मी गाजर घालायची, कारण किड्याने चांगलं खाल्लं तरच ते सुलतानच्या अंगी लागतं. म्हणजे बघा, मी नवऱ्याच्या सरड्याच्या जेवणाला जेवू घालत होते.

सुलतान मला ओळखायला लागला असं मी म्हणणार नाही. तो चिमटा ओळखायचा. चिमटा दिसला की दगडावरून उडी टाकून काचेशी यायचा, मान तिरकी करून एका डोळ्याने निरखायचा, आणि टप्. एवढंच. पण दिवसभर टायपिंग करून, लोकांच्या भांडणांचे कागद बडवून आलेल्या बाईला ते टप् बरं वाटायचं. कुणीतरी मी दिलेलं खातंय आणि मीठ कमी म्हणत नाहीये.

गटारीच्या रविवारी आमच्याकडे मटण झालं. सासूबाईंचं माहेर जुन्नरकडचं, काळ्या मसाल्याचं वाटण त्या मला हात लावू देत नाहीत. सुदेश दोनदा रस्सा प्यायला. सोमवारी सकाळी श्रावण लागला, आणि मी ठाण्याला निघायच्या घाईत असताना सासूबाई पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे किडे आता महिनाभर बंद."

"आई, पिल्लू आहे तो. तेच त्याचं जेवण आहे."

"श्रावणात घरात जीव जायचा नाही. तुला माहितेय."

माहीत होतं. सुदेश लहान असताना टायफॉइडने जायला टेकलेला. कल्याणच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून सासूबाई नवस बोलल्या, पोर वाचलं तर श्रावणात माझ्या उंबऱ्याच्या आत कुणाचा जीव जाणार नाही. पोर वाचलं. तेव्हापासून श्रावणात आमच्याकडे डास मारायची अगरबत्तीसुद्धा लागत नाही. झुरळ निघालं तर सुपलीत घेऊन जिन्यात सोडतात. मी त्या नवसाला हसत नाही. जिचं पोर मरायला टेकलंय त्या बाईने देवाला काय बोलावं हे ठरवणारी मी कोण? पण नवस त्यांचा. सुलतान कुठे काय बोललेला?

"काल बोकड चालला की आई."

"काल श्रावण होता का?"

खरंच नव्हता.

तेवढ्यात सुदेश मध्ये पडला. जन्मात कधी मध्ये न पडणारा माणूस. "संचे, तू जा, तुला उशीर होतोय. मी बघतो. डबा खाली गाडीच्या डिकीत ठेवतो. दुपारी आई पडली की याला जिन्यात नेऊन घालतो खायला. दोघींचं पण राहील."

मी गेले. ठाण्याला वकिलाच्या ऑफिसात मी टायपिंग करते, कोर्टाची तारीख सरड्यासाठी थांबत नाही. रोज दुपारी फोन करायची.

"खाल्लं?"

"अगं दाबून."

घरी पोचेपर्यंत पेटीतला दिवा विझलेला असायचा आणि सुलतान झोपलेला. सकाळी निघताना पेटी अजून तापायची असायची आणि तो लाकडाखाली. गुरुवारी मला तो बारीक वाटला. कुशी आत गेल्यासारख्या.

"कात टाकतोय," सुदेश बोलला. त्याच्या आवाजात एवढी खात्री होती की एखाद्या डॉक्टरला पण नसेल.

शुक्रवारी नागपंचमी होती. आमच्या साहेबांचं मॅटर बोर्डावर आलंच नाही, त्यांनी लवकर सोडलं. दुपारी घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग, आतून घंटी.

भिंतीवर नागाचं चित्र नेहमीसारखं चिकटवलेलं, पण पाट त्याच्यासमोर नव्हता. पाट पेटीसमोर मांडलेला. पेटीचं झाकण दिव्यासकट काढून सोफ्यावर ठेवलेलं. आणि पाटावर सुलतान. डोक्यावर हळद, हळदीवर कुंकू, भोवती लाह्या. शेजारच्या भावना वहिनी आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी हात जोडून बसलेल्या. सासूबाईंच्या उजव्या हातात पळी, पळीत दूध, आणि डाव्या हाताच्या बोटांनी त्याचा जबडा उघडून धरलेला.

"घेतो, घेतो! बघा कसा घेतो!"

"काकू, तुमचं भाग्य. आमचा जन्म गेला चित्राला दूध दाखवण्यात. तुमच्या घरात साक्षात."

"पण हा नाग कुठे, सरडा आहे ना?" वरच्या मजल्यावरची एक.

"मग काय झालं? भाऊबंदच ते," भावना वहिनी बोलल्या. "डोळे बघा कसे मिटलेत. समाधी लागली."

समाधी! गळा कोळशासारखा काळा. नाकपुडीतून दुधाचा बुडबुडा येत होता, फुटत होता, परत येत होता.

"सोडा त्याला."

"अगं बाहेरून आलीस, पाय तरी धुऊन ये."

"सोडा म्हणते ना!"

घंटी थांबली. मी त्याला उचललं. दगडासारखा थंड म्हणतात, पण दगड निदान जड असतो. याला वजनच नव्हतं. तोंड खाली करून दूध निथळू दिलं, ओढणीने पुसलं. शेपटीच्या मुळाशी हाडं वर आलेली. हे एका दिवसाचं काम नव्हतं.

सुदेश आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलेला.

"डबा कुठे?"

"कसला?"

"रातकिड्यांचा."

त्याने हेडफोन काढला. "आईने सोडून दिले. वालधुनी नदीच्या काठी, गवतात. सोमवारीच, तू गेल्या गेल्या."

"आणि तू रोज काय घालत होतास?"

"आई दुधी किसून द्यायची ना. जास्वंदीची फुलं पण. स्वतःच्या हाताने भरवायची त्याला. खायचा थोडं थोडं."

"मला 'दाबून' बोललास."

"मग काय बोलू? तू तिकडे टेन्शन घेणार, आई इकडे रडणार. मी मधल्या मध्ये मरणार."

मधल्या मध्ये मरत कोण होतं ते माझ्या तळहातावर होतं.

बाळकुमला एका कॉम्प्लेक्सच्या खाली अशा प्राण्यांची डॉक्टर बसते, हे मी आधीच शोधून ठेवलेलं. बुटाच्या खोक्यात टॉवेल, टॉवेलात गरम पाण्याची बाटली, तिला टेकवून सुलतान, आणि रिक्षा. दुर्गाडीचा पूल, कोन, राजनोली नाका. रस्ता म्हणजे खड्डे खणून उरलेलं डांबर. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि मी खोक्याचं झाकण उघडतेय, लावतेय, उघडतेय.

"मॅडम, काय आहे? पोपट?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.

"सरडा."

त्याने आरसा सरळ केला. मग बोलला, "आज नागपंचमी. पुण्य लागेल तुम्हाला."

"तुम्ही समोर बघा."

बाटली निवली तसं मी त्याला ओढणीखाली गळ्याशी धरलं. दर खड्ड्याला वाटायचं, गेला. मग बरगडी हलायची. मला कुणावर चिडायचं तेच ठरवता येईना. सासूवर चिडावं तर त्या बाईने दुधी किसून, फुलं खुडून हाताने भरवलेलं. नवऱ्यावर चिडावं तर तो चिडण्याएवढाही घट्ट नाही, बोट लावलं की आत जातं. माजिवड्याच्या सिग्नलला मी मोठ्याने शिवी दिली. रिक्षावाल्याला वाटलं त्याला दिली. त्याने सिग्नल तोडला. बरं झालं.

डॉक्टर मैथिली माझ्याहून लहान असेल. तिने हळदकुंकू पाहिलं आणि काही विचारलं नाही. कातडीखाली सलाईन सोडलं, एक इंजेक्शन दिलं, दिव्याखाली ठेवून बराच वेळ त्याची छाती ऐकली.

"किडे कधीपासून बंद आहेत?"

"सोमवारपासून."

"या वयात एवढं भारी पडतं. त्यात दूध छातीत गेलंय. त्याचं औषध दिलंय मी. आज नुसती ऊब द्या. उद्या सकाळी पेटी नीट तापली की बारीक किडे सोडा समोर. जिवंत. हलताना दिसलं तरच हा तोंड उघडेल. स्वतःहून खाल्लं तर वाचेल."

"आणि नाही खाल्लं तर?"

"तर परत माझ्याकडे आणायची गरज पडणार नाही."

तिने स्वतःकडचा बारीक रातकिड्यांचा एक डबा दिला. जोंधळ्याएवढे किडे, आवाज न करणारे.

घरी आले तर सासूबाई दारात उभ्या. हात चौकटीला.

"तो येऊ दे आत. डबा नाही."

"आई, डॉक्टर बोलली—"

"डॉक्टरला पोर आहे का? मी देवाला शब्द दिलाय. तुझ्या सरड्यापायी माझ्या पोराचा जीव टांगू?"

"तुमचं पोर अडीच मण आहे आई. आत बसून चिवडा खातंय."

भावना वहिनींच्या दाराच्या फटीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले, आणि ते नाटक नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं. त्या घाबरल्या होत्या. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात त्या अजून बसलेल्याच होत्या. मी वाद सोडला. डबा बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला. उंबऱ्याच्या आत नाही ना? ठीक. बाहेर तर चालेल.

शनिवारी सकाळी मी पेटी ओढत बाहेर पॅसेजमध्ये आणली. दाराखालून एक्स्टेन्शनची वायर घेतली, दिवा लावला, बाजूला मांडी घालून बसले. जिन्याच्या जाळीतून पावसाळी वारा सरळ आत येत होता. दिवा पेटलेला, पण दगड तापेना. आणि लोकं जमायला लागली. दूध आणायला निघालेले, मुलांना क्लासला सोडायला निघालेले, आणि ज्यांना कुठेच जायचं नव्हतं ते.

सेक्रेटरी कुंडलिक काका बनियनवर आले. "संचिताताई, हा कॉमन पॅसेज आहे."

"तुमच्या नातवाची सायकल पण कॉमन आहे का मग? मी चालवू?"

"सायकल किडे खात नाही."

लोकं हसली. काकांना जोर आला. "प्राणी पाळायला सोसायटीची परमिशन लागते."

"काल सोसायटीच्या बायकांनी ओवाळला त्याला. तेव्हा कुणी मागितली परमिशन?"

भावना वहिनींनी दार लावून घेतलं.

मी चिमट्याने एक रातकिडा सोडला. तो सुलतानच्या पंजावरून चालत गेला. सुलतानने डोळे मिटले. किडा नाकावर चढला, थांबला, उतरला. काही नाही. कठड्यावरून वाकून कुणीतरी मोबाईल धरला, त्याची सावली पेटीवर पडली, आणि सुलतान लाकडाखाली जायला निघाला. दोन पावलं टाकून तिथेच बसला. तेवढंही चालवेना. मी दिव्याखाली हात धरला. कोमट. घरात याच दिव्याखाली हात ठेववत नाही.

सुदेश तोंडात ब्रश घेऊन दारात आला. "नाही खात गं तो. भूक नसेल."

"इथे ऊब धरत नाही. मी आत घेतेय." उठले. "डबा पण."

"संचिता." सासूबाई त्याच्या मागून पुढे आल्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात. "तो डबा उंबऱ्याच्या आत आला तर मी या घरात पाण्याचा घोट घेणार नाही. कल्याणला गंगुबाईकडे जाईन."

गंगुबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं. सून मान खाली घालणार, नवरा जाऊ दे ना म्हणणार, कुणीतरी चहा टाकणार, आणि ज्याचा जीव जायचा तो कोपऱ्यात गपचूप जाणार. घरोघरी हेच चालतं. त्यालाच लोक समजूतदारपणा म्हणतात.

"जाऊ दे ना संचे," सुदेश फेसातून बोलला. "महिन्याचा तर प्रश्न आहे."

महिना! त्या पिल्लाला जन्माला येऊन किती महिने झालेले?

"जा आई," मी बोलले.

आवाज चढवला नाही. चढवला असता तर त्यांना सोपं गेलं असतं. "गोळ्या बरोबर घ्या. श्रावण संपला की मी स्वतः घ्यायला येते. नवस तुमचा आहे, तुम्ही पाळा, मी मधे येत नाही. पण याला उपाशी मारून नाही."

"मला घरातून काढतेस?"

"मी काढत नाही. तुम्ही जाते म्हणालात. मी अडवत नाही एवढंच."

त्या मुलाकडे वळल्या. "सुदेश?" एवढंच. नुसतं नाव.

सुदेशने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फेस थुंकायला बेसिनकडे गेला.

सासूबाई आत गेल्या. मी पेटी आत ओढली, भिंतीच्या कोपऱ्याला लावली, खिडक्या बंद केल्या, पंखा बंद केला. डबा मांडीवर घेतला. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज, मग बॅगेची चेन. ती मधेच अडकली, मागे आली, परत ओढली. मी उठले नाही. उठले असते तर चेन लावून दिली असती, मग बॅग उचलली असती, मग माफी मागितली असती. स्वतःला मी ओळखते.

दगड तापायला लागला. हळूहळू सुलतान पोट घासत दगडावर चढला. अंग पसरून चपटा झाला. गळ्याचा काळा रंग कडेने विरायला लागला, पण मधे तसाच. कुंकवाचा डाग अजून डोक्यावर.

सासूबाई बॅग घेऊन हॉलमध्ये आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. पेटीकडे बघितलं.

"दुधी किसून ठेवलाय फ्रिजमध्ये," त्या बोलल्या. "आजच संपवा. नासेल."

"हो," मी बोलले.

सुदेशने बॅग घेतली. त्या आठवड्यात त्याने केलेलं पहिलं काम. लिफ्टचं दार कुंडलिक काकांनी धरलं असावं, कारण त्यांचा 'या वहिनी, या' ऐकू आला, लग्नाच्या हॉलवर स्वागत करतात तसा.

मी एक किडा सोडला. दगडाच्या पायथ्याशी तो गोल फिरला. सुलतानने डोळा उघडला. एकच, माझ्या बाजूचा. मान अगदी थोडी तिरकी झाली. किडा पुढे सरकला. सुलतान झेपावला आणि चुकला. हनुवटी दगडावर आपटली. तिथेच पडून राहिला, कुशी वरखाली. किडा मूर्ख, परत त्याच्याच समोरून निघाला.

टप्.

दोनदा चावला. बारीक कुरकुर झाली. ओठाला पांढरी पावडर लागली.

खाली रिक्षा सुरू झाली. भावना वहिनी बाल्कनीतून ओरडत होत्या, "काकू, सावकाश जा, पोचल्यावर फोन करा हं!" खिडकीशी जाऊन बघता आलं असतं. सासूबाई वर बघत असतील, नसतील. सुदेश त्यांच्याबरोबर रिक्षात बसला की फुटपाथवरूनच मागे फिरला, तेही दिसलं असतं.

सुलतान माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघत होता. मी दुसरा सोडला.